परदेशप्रवासात पैशाचे मोल

(कन्नड येथील व्याख्यानमालेत जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाल्यावर आम्हाला दोघा-तिघांनी रस्त्यात गाठून विचारलं, "सर, कन्नडमध्ये परदेशप्रवासावर कशाला व्याख्यान? इथे कोण जातंय?" आम्ही म्हटलं, जरा मोजून बघा. उमराहला दरवर्षी किती जण जातात? बियाणं आणि खतांच्या दुकानदारांना कंपन्या बँकॉकला, दुबईला नेतात, ते किती? कृषी खात्याच्या अभ्यासदौऱ्यावर कुणी इस्राएलला, कुणी हॉलंडला जाऊन आलंय. बौद्ध बांधव लुंबिनीला जातात, श्रीलंकेला जातात. आणि मुलगा-सून अमेरिकेत म्हणून सहा-सहा महिने तिकडे राहणारे आई-वडील तर आता प्रत्येक गल्लीत आहेत. या सगळ्यांच्या खिशातून जो पैसा जातो, तो आल्याचा, मक्याचा, कापसाचा, नाहीतर आमच्यासारख्यांच्या पेन्शनचा. तो परत परत येत नाही. म्हणून हा विषय.

आम्ही दोघंही निवृत्त शिक्षक. प्रवासातले तज्ज्ञ वगैरे नाही. तीनदा देशाबाहेर गेलो: आधी नेपाळ, मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये थायलंड, आणि गेल्या सप्टेंबरात युरोप. पण शिक्षकाची खोड अशी की वही सुटत नाही. प्रत्येक प्रवासात आम्ही दोन रकाने ठेवले, एक पैशाचा आणि एक तासांचा. आज जे सांगणार आहोत ते बरंचसं त्या वहीतलं आहे.

सुरुवात मात्र परदेशातून नको, वेरूळहून करू. इथून तीसेक किलोमीटर. आपण सगळे तिथे पाहुण्यांना घेऊन पन्नास वेळा गेलोय. तिकीट खिडकीवरचा फलक आठवा. भारतीयाला ४० रुपये, परदेशी माणसाला ६००. आता तो ६०० वाला माणूस काय करतो, ते बघा. तो हजारो मैलांवरून येतो. लेणी आहेत ३४. गाडीवाला त्याला सांगतो की दोन तास पुरेत, कारण पुढे हिमरूचं दुकान दाखवायचंय. कैलास लेणं, म्हणजे सोळा नंबर, वीस मिनिटांत. बाराव्या लेण्याचे वरचे मजले तर कुणी दाखवतच नाही. जैन लेणी लांब, तिकडे जायलाच नको. मग दुकानात मात्र तासभर. चहा येतो, शाली उलगडल्या जातात. आणि एखादा बिचारा मंगळवारी येऊन उभा राहतो. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

त्या माणसाने पैसे कमी दिले का? नाही. त्याने वेरूळचे पैसे दिले आणि त्याला दुकान मिळालं.

आपण बँकॉकला उतरतो तेव्हा तो माणूस आपण असतो. एवढंच लक्षात ठेवलं तरी अर्धं काम होतं, कारण इकडच्या सगळ्या खुब्या आपल्याला पाठ आहेत. बँकॉकच्या राजवाड्याच्या आसपास एखादा अगदी सभ्य दिसणारा माणूस भेटतो आणि सांगतो, "आज राजवाडा बंद आहे, चला मी दुसरी मंदिरं दाखवतो, वीस बाहतमध्ये." ती मंदिरं दाखवता दाखवता टुकटुक रत्नांच्या दुकानापुढे थांबते. राजवाडा बंद नसतो; राजघराण्याचे काही कार्यक्रम सोडले तर वर्षभर सकाळी साडेआठपासून दुपारी साडेतीनपर्यंत तिकीट मिळतं, ५०० बाहतला. ही युक्ती जुनी आहे, जगभर माहीत आहे आणि अजून चालते.

आता आमचीच फजिती सांगतो. कंपनीचं नाव सांगणार नाही, ते महत्त्वाचंही नाही. चार रात्री पाच दिवस, माणशी ३८,००० रुपये. त्याच वेळी दुसऱ्या एकाकडे अशीच सहल ४९,००० ला होती. आम्ही अकरा हजार वाचवले म्हणून खूश. परत आल्यावर वही उघडली. पॅकेजचे ३८,०००. तिथे गेल्यावर 'ऑप्शनल' म्हणून ज्या सहली निघाल्या त्यांचे ७,५००. गाइड-ड्रायव्हरच्या टिपा २,०००, त्या ऐच्छिक आहेत असं सांगून सक्तीने घेतलेल्या. मुंबईपर्यंत जाण्या-येण्याचे ३,५००. जेवण पॅकेजमध्ये नव्हतं त्या वेळचे ४,०००. आणि ज्या दुकानांत नेलं तिथे लाजेकाजेस्तव घेतलेला मध आणि चामड्याचं पाकीट, २,५००. झाले ५७,५००. ती ४९,००० वाली सहल? तिच्यात प्रवेशाची तिकिटं, त्याच सहली आणि टिपा आतच होत्या, दुकानं नव्हती. मुंबईपर्यंतचा प्रवास आणि वरचं जेवण धरून ती ५६,५०० ला पडली असती. म्हणजे अकरा हजार वाचवण्याच्या नादात आम्ही हजार रुपये जास्त मोजले.

पण खरा धक्का दुसऱ्या रकान्याचा होता. पाच दिवसांत आम्ही जागे होतो ते सुमारे ७० तास. त्यातले बसमध्ये १९. विमानतळावर आणि हॉटेलच्या लॉबीत १५, कारण विमान पहाटे उतरलं आणि खोली दुपारी दोनला मिळाली. जेवणाखाण्यात ११. दुकानांत ७. आणि जे बघायला म्हणून गेलो होतो ते बघण्यात १८. आता ५७,५०० ला १८ ने भागा. तासाला जवळजवळ ३,२०० रुपये! आम्ही दोघं होतो, म्हणजे घराला ६,४००. त्या भावात सात तास आम्ही दुकानात बसलो.

म्हणून आम्ही 'स्वस्त सहल' हा शब्द आता वापरत नाही. पॅकेज कितीला पडलं हे विचारायचंच नाही. मला जे बघायचं होतं त्याचा तास कितीला पडला, हे विचारायचं.

त्या १८ तासांपैकी सहा तास कसे मिळाले तेही सांगतो. चौथा दिवस 'मोकळा' होता. बरेच जण झोपले, काही मॉलमध्ये गेले. आम्ही दोघं स्टेशनवर गेलो आणि अयुथयाची गाडी पकडली. बँकॉकपासून ऐंशी किलोमीटर. तिसऱ्या वर्गाचं तिकीट वीस बाहतच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे चहा-पोह्यांचे पैसे. नाव ऐकून कळलंच असेल, ही त्यांची अयोध्या. १३५० साली वसलेली राजधानी, १७६७ साली ब्रह्मी फौजांनी जाळली. उघड्या मैदानात विटांचे स्तूप, मस्तक तुटलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगा. एका वडाच्या मुळांनी बुद्धाचं मस्तक असं वेढून घेतलंय की पाहत राहावं. पावसाची एक सर आली, थांबली. आम्ही एका ओट्यावर बसून घरून नेलेल्या दशम्या खाल्ल्या. सगळ्या प्रवासात सगळ्यात स्वस्त तोच दिवस आणि आज कुणी थायलंडचं विचारलं की आम्ही तोच सांगतो.

(श्रोत्यांमधून प्रश्न: मग टूर कंपनी नकोच का?)

नाही, नाही, तसं म्हणणार नाही. गैरसमज नको. महाराष्ट्रात १९८४ साली केसरी पाटलांनी सहली सुरू केल्या, पुढे इतरही कंपन्या आल्या, आणि ज्यांनी कधी मुंबईसुद्धा एकट्याने पाहिली नव्हती अशा माणसांना त्यांनी स्वित्झर्लंडच्या बर्फात उभं केलं. सोबत मराठी बोलणारा माणूस, संध्याकाळी वरण-भात, औषधाची पिशवी विसरली तर धावपळ करणारं कुणीतरी. पासष्टीच्या पुढच्या माणसाला याची किंमत आहे आणि ती द्यावी. युरोपला आम्हीही कंपनीबरोबरच गेलो. फक्त कागद वाचून गेलो.

कागद कसा वाचायचा? सहलीच्या पत्रकात क्रियापदं बघा. आम्ही दोघंही भाषेचे शिक्षक, म्हणून सांगतोय. 'आयफेल टॉवर पाहणे' आणि 'आयफेल टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावर जाणे' यात फरक आहे. 'फोटो स्टॉप' म्हणजे बसमधून उतरा, फोटो काढा, चढा. 'पॅनोरॅमिक टूर' म्हणजे तेवढंही उतरायचं नाही. आपल्या भाषेत कळसाचं दर्शन. कळसाचं दर्शनही पुण्याचंच, पण गाभाऱ्याचे पैसे घेऊन कळस दाखवू नये. तेव्हा पत्रकावर प्रत्येक ठिकाणापुढे पेनने लिहून घ्या, आत की बाहेरून, आणि तिकीट आपलं की त्यांचं. मग हॉटेलचं नाव विचारा. 'अमुक किंवा तत्सम' असं लिहिलेलं असतं. ते 'तत्सम' शहराबाहेर चाळीस किलोमीटरवर हायवेला असू शकतं. मग संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. भाव 'पासून' असतो, तो कुठल्या तारखेचा? दोघांत एक खोली धरलेली असते. एकटा माणूस असेल तर किती वाढतात? रद्द केलं तर किती कापतात? हे सगळं पैसे भरण्याआधी लेखी. भरल्यावर विचारलं तर ती नुसती चौकशी होते.

आणि बंद वार. पॅरिसचं लूव्र संग्रहालय, जिथे मोनालिसा आहे, तेही मंगळवारी बंद असतं, बरोबर आपल्या वेरूळसारखं. आमच्या मूळ कार्यक्रमात पॅरिसचा मोकळा दिवस मंगळवार होता! आधी पाहिलं म्हणून दुसऱ्या तारखेच्या तुकडीत नाव घातलं. गंमत म्हणजे जानेवारी २०२६ पासून लूव्रनेही दोन भाव केलेत. युरोपातल्या माणसाला २२ युरो, बाहेरच्याला ३२. झालं, आता आपण तिथे ६०० वाले. तक्रार करायला मात्र आपल्याला तोंड नाही. (हशा)

उमराहला जाणाऱ्यांना एकच सांगणं. तिथे सगळा भाव अंतराचा असतो. 'हरमपासून ७०० मीटर' लिहिलेलं असेल तर ते सरळ रेषेत की पायी? मक्केत चढ-उतार आहे. सत्तरीच्या आईला दिवसातून पाच वेळा तो चढ चढायचा असेल तर ते सातशे मीटर वेगळे आणि तरण्या माणसाचे वेगळे. नकाशात हॉटेलचं नाव टाकून चालण्याचा रस्ता बघून घ्या, आणि शटल बस असेल तर ती नमाजाच्या गर्दीत कुठपर्यंत येते ते जाऊन आलेल्याला विचारा. वय असेल तर दोन-चार दिवस कमी करा पण जवळ राहा, असं आमच्या शेजारच्या चाचांनी सांगितलं. ते आम्हाला पटलं.

आता पैशाच्या व्यवहाराकडे येऊ. इथे माणसं न कळता हरतात.

मोबाइलवर डॉलरचा जो भाव दिसतो तो बँकांचा आपसातला, घाऊक. तो तुम्हाआम्हाला मिळत नाही, जसा मोंढ्यातला भाव किराणा दुकानात मिळत नाही. प्रश्न फक्त एवढाच की किती वर द्यायचं. सगळ्यात महाग जागा म्हणजे विमानतळावरची खिडकी, कारण तिथे उभ्या माणसाला दुसरा पर्याय नसतो. आपल्याकडचे बहुतेक लोक तिथेच नोटा घेतात, कारण आधी आठवलेलं नसतं. आठवडाभर आधी दोन बँकांत आणि एका परवानाधारक विनिमयवाल्याकडे विचारा. दर विचारताना "सगळे चार्ज धरून एक लाखाचे किती हातात पडतील?" एवढंच विचारायचं. उत्तरात टक्केवारी आली की समजायचं, काहीतरी झाकलंय. सगळी रक्कम नोटांत नेऊ नका. एका प्रवासाला परकी नोटा साधारण ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकी कार्डावर.

कार्डाचं असं. आपल्या नेहमीच्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशी खर्चाला साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लागतो, आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ४.१३ टक्के. लाखाला ४,१३० रुपये. हा आकार नसलेली किंवा कमी असलेली कार्डं आहेत, फॉरेक्स कार्डं आहेत. निघण्याआधी बँकेत जाऊन विचारा.

आणि एक युक्ती जरूर लिहून घ्या. परदेशात दुकानात कार्ड लावलं की यंत्रावर विचारणा येते, स्थानिक चलनात देता की रुपयांत? रुपये दिसले की आपल्याला हायसं वाटतं. दुकानदारही हसून म्हणतो, "तुमच्या सोयीसाठी." तिथे रुपये दाबायचे नाहीत. रुपये दाबले की भाव त्या यंत्रामागची कंपनी ठरवते, तुमची बँक नाही, आणि तो भाव हमखास वाईट असतो. दुबईत दिरहॅम, बँकॉकात बाहत, पॅरिसला युरो. एटीएममध्येही तोच प्रश्न येतो, तेच उत्तर.

आता शेतकरी मंडळींनी विशेष लक्ष द्या, कारण हे आमच्या पाहण्यातलं सगळ्यात मोठं नुकसान आहे. परदेशाचं पॅकेज घेतलं की कंपनी त्यावर टीसीएस घेते. हा आगाऊ गोळा केलेला आयकर. २०२५-२६ या आर्थिक वर्षात त्याचा दर एका पॅनवर वर्षाला १० लाखांपर्यंत ५ टक्के, त्यावरच्या रकमेवर २० टक्के असा होता. दर बदलत असतात, पण रीत हीच. युरोपचं आमचं दोघांचं बिल झालं ५,७०,०००. त्यावर टीसीएस २८,५००. बिलात ती ओळ तळाला असते. लोकांना वाटतं, गेला टॅक्स सरकारला.

तो गेलेला नसतो! तो तुमच्या पॅनवर जमा असतो. आमच्यासारख्या पेन्शनवाल्याने रिटर्न भरताना तो आपल्या करातून वळता करायचा, उरला तर रिफंड. पण शेतकऱ्याचं काय होतं? शेतीचं उत्पन्न करमुक्त. म्हणून तो रिटर्नच भरत नाही. रिटर्न नाही तर रिफंड नाही. चार जणांचं कुटुंब सहा लाखांचं पॅकेज घेऊन फिरून येतं, टीसीएसची रक्कम त्याच्या नावावर पडून राहते, आणि तो म्हणतो, सहल महाग पडली. जेवढ्या जणांना आम्ही विचारलं, त्यांतल्या बहुतेकांना हे पैसे मागता येतात हेच माहीत नव्हतं. तर ज्या वर्षी जाल त्या वर्षीचं रिटर्न भरा, करपात्र उत्पन्न शून्य असलं तरी. त्या आधी आयकराच्या संकेतस्थळावर फॉर्म २६ एएसमध्ये ती रक्कम दिसते का ते बघा. दिसली नाही तर कंपनीला विचारा, तिने पॅन चुकीचा टाकला असेल. नेहमीची मुदत ३१ जुलै. गावातल्या करसल्लागाराला हजार-पंधराशे द्यावे लागले तरी परवडतं.

त्यातच २०२५-२६ च्या दरांची दुसरी गोष्ट. तीन भाऊ, सगळं कुटुंब मिळून १६ लाखांची सहल, आणि सगळं बुकिंग थोरल्याच्या पॅनवर. मग पहिल्या दहा लाखांचे ५०,००० आणि वरच्या सहा लाखांचे १,२०,०००, एकूण १,७०,००० अडकले. तिघांनी आपापल्या पॅनवर आपापलं बुकिंग केलं असतं तर ८०,०००. दोन्ही परत मिळाले असते, पण नव्वद हजार वर्षभर कशाला अडकवायचे होते? पेरणीच्या तोंडावर ते हवे असतात. नुसतं विमानाचं तिकीट स्वतः काढलं तर ते पॅकेज धरत नाहीत, त्यावर हा टीसीएस लागत नाही, हेही माहीत असू द्या.

दुबईचं सोनं. हा प्रश्न आज येणारच होता, म्हणून आधीच सांगतो. एके काळी फरक होता. आपल्याकडे सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्के होतं. जुलै २०२४ मध्ये ते ६ टक्क्यांवर आलं. तिथे ५ टक्के व्हॅट, तो पर्यटकाला मागून मिळतो पण पूर्ण नाही. वर घडणावळ, वर चलनाचा आकार. उरतं काय ते कागदावर मांडून बघा. आणि बाईला ४० ग्रॅम, पुरुषाला २० ग्रॅम अशी जी सवलत सगळे सांगतात, ती वर्षापेक्षा जास्त काळ तिकडे राहून आलेल्यांसाठी आहे, पाच दिवसांच्या सहलीला गेलेल्यांसाठी नाही. तिकडे जाऊन उंच इमारती बघा, वाळवंट बघा. सोनं आपल्या सराफाकडून घ्या, निदान तो मोडीला घेतो.

अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्यांचा राहण्या-जेवणाचा खर्च नसतो, त्यामुळे ते सगळ्यात निर्धास्त असतात, आणि विम्यात सगळ्यात जास्त कंजुषी तेच करतात. तिकडे साधं पोट दुखून दवाखान्यात गेलं तरी बिल बघून दुखणं विसरायला होतं. बीपी, शुगर फॉर्मवर लपवू नका. लपवलं आणि त्याच कारणाने भरती व्हावं लागलं तर कंपनी दावा नाकारते, आणि बिल मुलाच्या डोक्यावर. आधीचे आजार धरणारी पॉलिसी थोडी महाग असते, घ्या. युरोपच्या शेंगेन व्हिसाला तर किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचाच आहे. त्या व्हिसाची फी ९० युरो, नाकारला तरी परत नाही. म्हणून कागद पूर्ण झाल्याशिवाय अर्ज टाकू नये.

व्हिसावरून आठवलं. खोट्या संकेतस्थळांपासून जपा. थायलंडने जुलै २०२४ मध्ये भारतीयांना साठ दिवसांची व्हिसामाफी दिली, पण मे २०२५ पासून एक ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. तो फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी पानं शोधात आधी वर येतात. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरला आहे, सरकारी पानावर. मधले लोक दुप्पट घेतात. निघण्याआधी आठ दिवस तरी तपासा, नियम बदलत असतात.

हंगामाचं थोडक्यात. शाळांना सुटी मे महिन्यात, शेतीची उसंतही तेव्हाच. म्हणून सगळा महाराष्ट्र मे महिन्यात निघतो आणि तेव्हाच भाव चढतात. निवृत्तांना ही सक्ती नाही. आम्ही युरोपला सप्टेंबरात गेलो, हवा छान आणि गर्दी कमी. दुबई मे-जूनमध्ये फार स्वस्त दिसते, पण का, ते समजून घ्या. कन्नडच्या उन्हातून उठून आणखी कडक उन्हात कशाला जायचं?

पैसे कुठे जास्त द्यावेत, हेही सांगायला हवं, नाहीतर वाटेल हे कंजुषीचं व्याख्यान आहे. आपण मुंबईपासून चारशे किलोमीटरच्या आसपास आहोत. विमान पहाटे तीनचं असेल तर आपण आदल्या दुपारी घर सोडतो. दोन हजार वाचवायला कुठेतरी सात तास थांबणारं विमान घेतलं तर घर ते हॉटेल तीस तास होतात आणि पुढचा दिवस झोपेत जातो. आमच्या तासाच्या भावाने तो दिवस दहा-पंधरा हजारांचा असतो. थेट विमानाला, स्टेशनाजवळच्या हॉटेलला आणि चांगल्या गाइडला पैसे द्यावेत. आपल्या वेरूळला जो माणूस जाणकार गाइड घेतो, त्याला कैलासातला रावण दिसतो. जो घेत नाही त्याला मोठा दगड दिसतो. तिकडेही तसंच.

ज्यांना अजून भीती वाटते त्यांनी पहिल्यांदा नेपाळला जावं, आम्ही तेच केलं. पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. आधार चालेल असं मात्र धरून चालू नका. मनमाडहून गोरखपूरला गाड्या आहेत. गोरखपूरहून सोनौलीची सीमा शंभर किलोमीटरच्या आसपास, तिथून लुंबिनी जवळच. आपल्या १०० रुपयांचे तिथले १६० ठरलेले, त्यामुळे चलनाची भानगड नाही. दुकानदार भाव सांगतो तेव्हा फक्त विचारायचं, "आयसी की एनसी?" म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. न विचारता पैसे दिले की तीनशेची टोपी चारशे ऐंशीला पडते. आमची पडली. ती आजही घालतो.

बरं, वेळ संपत आली. एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "आयुष्यात एकदाच जमणार आहे, दोघांचे मिळून तीन लाख आहेत, कुठे जावं?" ताई, देश आम्ही सांगणार नाही. तुम्ही दोघांनी वेगवेगळ्या कागदावर तीन-तीन गोष्टी लिहा, ज्या बघितल्या नाहीत तर परत आल्यावर चुटपुट लागेल. मग कागद एकमेकांना दाखवा. जे दोन्ही कागदांवर आहे तिथे जा, एकच देश घ्या, दिवस जास्त घ्या. तीन लाखांत पाच देश दाखवणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. तीन लाखांतले पंचवीस हजार वेगळे ठेवा, आजारपणाला किंवा चुकलेल्या गाडीला. आणि पासपोर्ट आत्ताच काढून ठेवा. ३६ पानी साधा पासपोर्ट १,५०० रुपयांत होतो आणि दहा वर्षं चालतो. असेल तर त्याची मुदत बघा, बरेच देश सहा महिने शिल्लक असल्याशिवाय घेत नाहीत. आमच्या बरोबरच्या एका जोडप्याला हे मुंबईच्या काउंटरवर कळलं. ते तिथूनच परत फिरले.

बाकीच्या चिठ्ठ्यांना चहाच्या वेळी उत्तरं देऊ. आणि हो, उद्या मंगळवार आहे. ज्यांच्याकडे बाहेरगावचे पाहुणे उतरलेत, त्यांनी उद्या वेरूळला नेऊ नका. पितळखोऱ्याला न्या.